मॉन्ट्रियलचा पहिला उन्हाळा: बेळगाव भागातून येणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मॉन्ट्रियलला येणारी आपली मंडळी बहुधा ऑगस्टच्या अखेरीस येथे उतरतात. नंतरचे सारे महिने थंडीला तोंड देण्यातच जातात, त्यामुळे बर्फाचे बूट कोठे घ्यावेत हे त्यांना दहा जण सांगतात, पण जूनच्या अखेरीस हे शहर कसे रस्त्यावर येते हे कोणी सांगत नाही. मॉन्ट्रियल ज्या फ्रेंचबहुल प्रांतात आहे त्या क्वेबेकचा २४ जूनचा राष्ट्रीय सण, त्याच सुमारास सुरू होणारा आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सव आणि १ जुलैचा कॅनडा दिन हे तिन्ही एकाच पंधरवड्यात येतात. पहिल्या वर्षी तिन्हींना हजेरी लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे दोन राष्ट्रीय दिवस कसे, असा प्रश्न पुण्या-मुंबईहून आलेल्यांना पडतो; बेळगावच्या माणसाला तो पडू नये. १ नोव्हेंबरला एकाच गावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळ्या दिनाची निषेध फेरी पाहत आपण वाढलो आहोत. येथे २४ जून हा सेंट जॉन द बाप्टिस्टचा दिवस. फ्रेंच भाषकांनी १८३४ पासून तो आपला सण म्हणून पुढे आणला आणि १९७७ मध्ये तो क्वेबेकचा अधिकृत राष्ट्रीय सण ठरला. फ्रेंच भाषेची सनदही त्याच वर्षीची आहे, आणि दुकानाच्या पाटीवर फ्रेंच अक्षरे ठळकपणे वरचढ असली पाहिजेत हा दंडक त्याच कायद्याच्या चौकटीतला आहे. पाटीवर कोणती भाषा वर आणि कोणती खाली, यावरून माणसे किती पेटून उठतात हे आपल्याला वेगळे सांगायला नको. १ जुलै हा १८६७ मध्ये कॅनडाचे संघराज्य अस्तित्वात आले तो दिवस. १९८२ पर्यंत त्याला डोमिनियन डे म्हणत. मॉन्ट्रियलमध्ये पहिल्या दिवशी निळे-पांढरे झेंडे दिसतात, दुसऱ्या दिवशी लाल-पांढरे, आणि दोन्ही झेंडे सारख्याच उत्साहाने हाती धरणारी माणसे तुलनेने कमी असतात.

अशा ठिकाणी पाहुण्याने कसे वागावे? दोन्ही दिवशी जावे, दोन्हींकडे टाळ्या वाजवाव्यात. मात्र २४ जूनच्या मैफलीला लाल मेपलच्या पानाचा सदरा घालून जाऊ नये आणि १ जुलैला सहकाऱ्याला ‘तुम्ही आज कोठे साजरा करणार?’ असे गृहीत धरून विचारू नये. कोणी आपल्या सीमाप्रश्नाशी तुलना करून तुमचे मत मागितले, तर घाईने बाजू घेण्यापेक्षा त्यांचे ऐकून घ्यावे. आपल्या प्रश्नावर बाहेरच्याने दोन मिनिटांत निवाडा दिला तर आपल्याला कसे वाटते, ते आठवावे. चार वाक्ये फ्रेंच मात्र जरूर शिकून घ्यावीत. ‘बोंझूर’ने सुरुवात केली की पुढचे संभाषण इंग्रजीत झाले तरी समोरच्याचा चेहरा निवळलेला असतो. बेळगावच्या बाजारात पहिले वाक्य कन्नडमध्ये टाकून मग मराठीवर येणाऱ्यांना ही गोष्ट अंगवळणी पडलेली आहेच.

आता जॅझ महोत्सवाविषयी थोडे सविस्तर. १९८० मध्ये सुरू झालेला हा महोत्सव साधारण दहा दिवस चालतो आणि प्लास-देझार मेट्रो स्थानकाच्या भोवतालचे रस्ते त्या काळात वाहनांना बंद होतात. बंदिस्त सभागृहांतल्या मैफलींना तिकीट असते, पण उघड्या मंचांवरच्या मैफली विनामूल्य असतात आणि त्यांत नावाजलेले कलाकारही येतात. विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षी तिकिटावर एक डॉलरही खर्च करू नये. आधी मोकळ्या मंचांवर चार प्रकारचे संगीत ऐकावे, कान कशाला लागतो ते पाहावे आणि मग पुढच्या वर्षी सभागृहाचा विचार करावा.

‘आम्हाला जॅझ कळत नाही’ ही सबब मला मान्य नाही. ज्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ मध्ये कुमार गंधर्वांचा जन्म झाला, त्या जिल्ह्यातल्या माणसाला चीज मांडून मग ती विस्तारणे म्हणजे काय हे समजावून द्यावे लागू नये. येथेही आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात, मग एकेक वादक त्याच स्वरसंगतींच्या चौकटीवर आयत्या वेळी सुचेल तसे वाजवतो, आणि शेवटी सारे पुन्हा धुनेवर येतात. मधेच ड्रमवाला आणि सॅक्सोफोनवाला चार-चार मात्रांच्या चार आवर्तनांची देवाणघेवाण करू लागले, तर तो सवाल-जवाबच समजावा. एकाची पाळी संपली की तेथेच टाळी द्यायची असते. तुकडा संपेपर्यंत हात बांधून बसण्याची गरज नाही. तबल्याच्या तुकड्याला समेवर दाद देणाऱ्यांना हे आपोआप जमते. आणखी एक गोष्ट माहीत असावी: थोर पियानोवादक ऑस्कर पीटरसन १९२५ मध्ये याच शहरात, रेल्वेत हमाली करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वस्तीत जन्मले, आणि त्यांचे वडीलही रेल्वेतच पोर्टर होते. जॅझ येथे परक्या देशातून आणून बसवलेले नाही, ते या वस्त्यांतूनही वाढले आहे.

व्यवहाराच्या गोष्टी आता भराभर सांगतो. जूनअखेरीस सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणून संध्याकाळच्या मैफलीला जातानाही टोपी आणि पाण्याची बाटली हवी. तापमान तीस अंशांवर गेले की हवा कारवारसारखी दमट आणि चिकट होते, आणि आपल्याकडच्या वळवासारखी गडगडाटी सर कधीही कोसळते. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण गर्दीत छत्री उघडली की मागचे लोक बोलतात. प्रवेशाजवळ पिशव्या तपासतात, स्वतःचे मद्य आत नेता येत नाही. कार्यक्रम सुटला की प्लास-देझार स्थानकात चेंगरण्याऐवजी पाच-दहा मिनिटे चालून सँ-लोराँ किंवा प्लास-दार्म स्थानक गाठावे. मेट्रो मध्यरात्रीनंतर साधारण एकच्या सुमारास बंद होते, एवढे ध्यानात ठेवावे. आपल्याकडच्या शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीसारखे पहाटेपर्यंत रेंगाळून चालत नाही.

शाकाहारी मंडळींनी ‘पुतिन’ (poutine) या येथल्या लोकप्रिय पदार्थापासून सावध राहावे. बटाट्याच्या तळलेल्या काड्या आणि चीजचे गोळे निर्धोक दिसतात, पण त्यावर ओतलेला तपकिरी रस बहुधा कोंबडीच्या किंवा गोमांसाच्या अर्कावर केलेला असतो. शाकाहारी रस आहे का, हे विचारूनच मागवावे. माझा साधा उपाय म्हणजे पार्क-एक्स्टेन्शनमधल्या भारतीय दुकानातून चुरमुरे, शेंगदाणे आणून घरी भडंग करणे आणि डबा भरून नेणे.

२४ जून आणि १ जुलै या दोन्ही दिवशी मोठी दुकाने कायद्याने बंद असतात, तेव्हा दूध-भाजी आदल्या दिवशीच भरून ठेवावी. कोपऱ्यावरचे छोटे दुकान आणि औषधाचे दुकान तेवढे उघडे मिळते. अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही या सुट्ट्यांचा मोबदला मिळतो. साधारणपणे आधीच्या चार आठवड्यांच्या वेतनाचा विसावा भाग असा त्याचा हिशोब असतो. तो पगारपत्रकावर दिसला नाही, तर मालकाला नम्रपणे पण लेखी विचारावे.

१ जुलैला मात्र कॅनडा दिनापेक्षा मोठी धामधूम घरे बदलण्याची असते. शाळेच्या वर्षात मुलांची ओढाताण होऊ नये म्हणून १९७४ मध्ये कायद्याने भाडेकरारांची मुदत १ मेऐवजी जूनअखेरीस संपेल अशी सोय झाली, आणि तेव्हापासून निम्मे शहर एकाच दिवशी सामान हलवते की काय असे वाटते. तुमचाही करार ३० जूनला संपत असेल, तर ट्रक मार्च-एप्रिलमध्येच ठरवावा. जूनमध्ये तो मिळत नाही आणि मिळालाच तर दुप्पट पैसे पडतात. त्या दिवशी पदपथावर चांगली टेबले, खुर्च्या, पुस्तकांची मांडणीही फुकट पडलेली दिसते. लाकडी आणि लोखंडी वस्तू तपासून खुशाल उचलाव्यात. गादी आणि सोफा कितीही नवा दिसला तरी हात लावू नये, कारण येथले ढेकूण एकदा घरात शिरले की औषधफवारणीचा खर्च नव्या गादीपेक्षा जास्त येतो.