कॅन्ससच्या घरात पाहुणा संघ बघायला जाताना

एम्सला आयोवा स्टेट विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या पोरांना एकदा तरी लॉरेन्सला जायची हुक्की येते. कॅन्सस विद्यापीठाचं ॲलन फील्डहाउस हे बास्केटबॉलचं बंदिस्त मैदान तिथे आहे आणि आपला संघ तिथे खेळायला जातो. आधीच सांगतो, जिंकायच्या आशेवर जाऊ नका. २००३ साली आलेल्या प्रशिक्षक बिल सेल्फ यांच्या काळात कॅन्सस घरच्या मैदानावर फार क्वचित हरलंय. गाव बघायला जा, सामना सोबत आहेच.

तिकिटाचं आधी बघा. पाहुण्या संघाच्या वाट्याला थोडी तिकिटं येतात, म्हणून पहिल्यांदा आपल्याच विद्यापीठाच्या तिकीट खिडकीवर विचारायचं. तिथे नाही मिळालं तर पुनर्विक्रीच्या साइट आहेतच, पण पैसे भरताना शेवटच्या पानावरचा आकडा वाचा. पहिल्या पानावरचा भाव आणि शेवटचा भाव यांची गाठ क्वचितच पडते. हिवाळ्याच्या सुट्टीतलं तिकीट त्यातल्या त्यात सोपं, पण तेव्हा विद्यार्थी घरी गेलेले असतात आणि त्यांच्याशिवाय त्या मैदानाला मजा नाही.

रस्ता सोपा आहे. आय-३५ने डे मॉइनवरून कॅन्सस सिटी, तिथून आय-७०ने पश्चिमेला. सगळं मिळून चारेक तास. २०२४पासून कॅन्सस टर्नपाइक या टोलच्या रस्त्यावर टोलनाकेच उरलेले नाहीत. नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल मागाहून येतं. गाडी भाड्याची असेल तर त्या टोलवर कंपनी वरून किती लावते ते आधी विचारून घ्या. जानेवारीत आदल्या रात्री हवामान बघितल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका. आणि सामना आठवड्यातल्या दिवशी रात्री आठचा असेल तर तिथेच मुक्काम करा. दहानंतर निघून बर्फात चार तास गाडी हाकणं हे शौर्य नाही.

दुपारीच पोचा. जेवण मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवर. गावात त्याला नुसतं 'मास स्ट्रीट' म्हणतात. फ्री स्टेट ब्रुअरी १९८९पासून तिथेच आहे. शाकाहारी मंडळींनी मात्र थालीपीठ आणि कोरडी चटणी बरोबर ठेवावी. बाहेरचं खाणं मैदानात नेऊ देत नाहीत, तेव्हा ते गाडीतच संपवायचं. काचांवर वाफ धरलेल्या गाडीत चौघांनी एक डबा फिरवत खाल्लेलं थालीपीठ मला त्या दिवसाच्या अर्ध्या खेळापेक्षा जास्त आठवतं.

मग माउंट ओरिएड चढून फील्डहाउसकडे. नाव माउंट असलं तरी आपल्या पर्वती चढणाऱ्याला ती टेकडी काहीच वाटणार नाही. फील्डहाउसला लागूनच डीब्रूस सेंटर आहे. १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी लिहिलेले बास्केटबॉलचे मूळ १३ नियम, टाइप केलेली दोन पानं, तिथे काचेमागे ठेवली आहेत. २०१०च्या लिलावात ती ४० लाख डॉलरच्या वर गेली. त्यात ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू आपटत पुढे नेणं, शोधू नका. चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे झेलला तिथूनच फेकायचा, असा तो मूळ खेळ. इथे अर्धा तास हाताशी ठेवा.

फील्डहाउसच्या आसपासची गाडी लावायची बहुतेक जागा देणगीदारांच्या पासवर असते. गाडी लांब लावून चालत जा किंवा टॅक्सी करा. पाठीवरची सॅक गाडीतच ठेवा. एका दुसऱ्या गावी दारावरून परत पाठवल्यामुळे उणे दहा तापमानात मी गाडीपर्यंत जाऊन आलोय. आता पैसे आणि फोन खिशात, बाकी काही नाही.

कपड्यांची एक गंमत आहे. आपला लाल आणि त्यांचा लाल लांबून सारखेच दिसतात. म्हणून पिवळा मफलर घ्या, नाहीतर त्यांच्यातलेच समजून कोणीतरी टाळी द्यायला येईल.

आत गेल्यावर लवकर बसा. आपल्या खेळाडूंची नावं पुकारली जातात तेव्हा विद्यार्थी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून वाचत बसल्याचं सोंग करतात. मग त्यांच्या खेळाडूंची पाळी येते आणि तेच कागद फाडून हवेत उडवले जातात. आवाजाची तयारी ठेवा. २०१७ साली इथे १३०.४ डेसिबलची नोंद झाली होती. कानात बोळे घालायला लाजू नका. आपला खेळाडू पाच फाउल होऊन बाहेर गेला की सगळं मैदान हात हलवून त्याला निरोप देतं. चिडू नका, तिथली रीतच आहे. आपण आपल्या संघासाठी खुशाल ओरडा, फक्त पंचांना दिलेल्या शिव्या मराठीतच ठेवा. शेवटी-शेवटी 'रॉक चॉक, जेहॉक' या त्यांच्या घोषणेचा संथ, कीर्तनातल्या गजरासारखा सूर सुरू झाला की समजा, सामना हातचा गेला.

संपल्यावर लगेच पळू नका. गर्दी ओसरेपर्यंत जागेवर बसा.

सकाळी निघताना गावाच्या पूर्वेकडच्या मेमोरियल पार्क दफनभूमीत डोकवा. नेस्मिथ तिथे आहेत. कॅन्ससचे पहिले प्रशिक्षक तेच. आदल्या रात्री हरलेल्यांनी त्यांचा हिशेब आठवावा: ५५ जिंकले, ६० हरले. कॅन्ससच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेले ते एकटेच.