पाळीवर बसून पाणपक्षी टिपताना

नागपूरच्या तलावांवर पाहुणी बदकं साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत असतात. अंबाझरी आणि गोरेवाडा जवळचे. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले पाहुणे हंस) पाहायचे असतील तर उमरेडकडचा पारडगाव तलाव. फुटाळ्याला वर्दळ फार, पण टिबुकली आणि पाणकावळ्यावर हात बसवायला तो पुरतो.

लेन्सपेक्षा बसायची जागा महत्त्वाची. सकाळी पूर्वेचा काठ धरा; अंबाझरीची पाळ, म्हणजे तलावाचा बांध, त्याच बाजूला आहे. बदकं उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात. हिवाळ्यात इथला वारा बहुधा उत्तर-ईशान्येचा, म्हणजे ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी, आणि पक्षी समोरून तुमच्याकडे येणार. पश्चिम काठावरून त्याच वेळी नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात.

उजाडायच्या आत पोचा आणि पाळीच्या माथ्याखाली, उतारावर बसा. माथ्यावर उभा माणूस आभाळासमोर लांबूनच दिसतो. लेन्सखाली दीड-दोन किलो तांदळाची पिशवी ठेवा, पण ठासून भरू नका. लेन्स त्यात रुतायला हवी.

लेन्स किमान ४०० मिमी. पोहणाऱ्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंद, उडत्याला १/२०००, अ‍ॅपर्चर एफ ६.३ ते ८, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटो, कमाल ३२००. फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा, बिंदू डोळ्यावर. सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते बगळ्याचे. फ्रेमभर गडद पाणी असल्यामुळे कॅमेरा चित्र उजळवतो आणि पांढरी पिसं जळतात, म्हणून एक्सपोजर उणे १ करा. वारकरी (कूट) हा पाणपक्षी काळा म्हणून एक्सपोजर अधिककडे न्यावंसं वाटतं, पण त्याचं पांढरं कपाळ आधी तपासा.

नऊनंतर तापलेल्या हवेच्या लहरींनी लांबचे फोटो मऊ येतात. दोष उगाच लेन्सला दिला जातो. पक्षी जवळ नसेल तर तेव्हा दुर्बीण काढा (८×४२ उत्तम) आणि जलपर्णीच्या कडेनं कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी शोधा.

बदकांनी माना ताठ केल्या आणि सगळी एकाच दिशेला सरकू लागली, की हलायचं थांबा. आणखी दोन पावलं टाकलीत तर थवा उडतो, अन् इतरांचीही सकाळ जाते. डोंगा (लहान होडी) घालणाऱ्या ढिवरांना, म्हणजे मासेमारांना, मात्र पक्षी सरावलेले असतात. आज थवा कुठे आहे ते त्यांनाच विचारा.

संध्याकाळी ऊन पश्चिमेचं, म्हणून काठही पश्चिमेचा. वारा तोच राहिला तर उतरणारी बदकं पाठमोरी दिसतात, त्यामुळे उडतानाचे फोटो सकाळीच काढा.