गूय तराजूवर चुंबकीय ससेप्टिबिलिटी मोजताना

शांतिस्वरूप भटनागर आणि के. एन. माथुर यांनी १९२८ साली चुंबकीय व्यतिकरण तराजू तयार केला. भटनागरांचा हा विषय, म्हणजे चुंबकीय ससेप्टिबिलिटी (चुंबक पदार्थाला किती ओढतो किंवा ढकलतो याचं माप), हाताखालून घालायचा तर साधा गूय तराजूही पुरतो: त्यात नमुन्याची नळी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगून वजनातला बदल मोजतात.

आधी रिकामी नळी चुंबक बंद आणि चालू ठेवून तोला. काच प्रतिचुंबकी, म्हणजे चुंबक तिला किंचित दूर ढकलतो, म्हणून वजन किंचित घटतं. ती घट हिशेबात धरा. नमुना बारीक खलून थोडा थोडा भरा, दर वेळी नळी लाकडावर हलकेच आपटा. उंची १० सेंटिमीटर. बहुतेकांचं इथेच बिनसतं: भरणी कुठे सैल, कुठे घट्ट राहिली की पुन्हा भरल्यावर आकडा बदलतो. नळीचं खालचं टोक ध्रुवांच्या बरोबर मध्यावर हवं. स्टीलचा चमचा नको, लोखंडाचा कणही निकाल बिघडवतो. पंखा बंद. तुलनेसाठी प्रमाण नमुना म्हणून मर्क्युरी टेट्राथायोसायनेटोकोबाल्टेट वापरा, त्याची ससेप्टिबिलिटी ठाऊक आहे: २० अंश सेल्सिअसला ०.००००१६४४ सीजीएस, दर ग्रॅमला.