बँकेने उत्पन्न आणि कामधंदा विचारला, तर फॉर्म कसा भरावा

कापूस विकून आलेल्या एका शेतकऱ्याने काउंटरवर फॉर्म आपटला आणि म्हणाला, "पैसा मना शे, तुम्हले काय करनं शे?" अमळनेरच्या बाजूला एका शाखेत मी बरीच वर्षं काउंटरच्या आत बसलो. आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न कानावर यायचाच. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देतो. ते कळलं की निम्मा फॉर्म आपोआप भरता येतो.

काळ्या पैशाची फिरवाफिरव रोखण्यासाठी २००२ साली कायदा झाला आणि तो १ जुलै २००५ पासून लागू झाला. खातेदार कोण, काय करतो, त्याचा पैसा साधारण कुठून येतो, याची नोंद बँकेने ठेवायची हे त्यातूनच आलं. रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे, म्हणजे खातेदाराची ओळख पटवून घेण्याचे, नियम याच कायद्यावर उभे आहेत. तुम्ही किती कमावता याच्याशी बँकेला तसं देणंघेणं नसतं. खात्यात येणारा पैसा तुमच्या कामधंद्याशी जुळतो का, एवढंच ती बघते. फॉर्मवर 'मजुरी, वर्षाला एक लाख' आणि रावेरची केळी कापल्यावर एका आठवड्यात खात्यात सात लाख, असं दिसलं की संगणक ते खातं बाजूला काढतो. मग शाखेतून फोन येतो आणि तुम्हाला वाटतं, आपल्यावर संशय घेतला. चूक मात्र फॉर्मवरच्या त्या एका ओळीची असते.

म्हणून फॉर्म भरताना पासबुक उघडून समोर ठेवा. फॉर्म आणि पासबुक एकमेकांशी बोलले पाहिजेत.

आधी निरोप खरा आहे का ते बघा

'केवायसी अपूर्ण, आज रात्री खाते बंद' असा मेसेज आला आणि खाली लिंक किंवा एपीके फाइल (दाबली की मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकणारी) असली, तर तो बँकेचा नाही असं समजून चाला. ओटीपी, पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे बँक कधीच विचारत नाही. भारतातल्या बँकांच्या वेबसाइटचे पत्ते आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतात, पण लिंक तपासत बसण्यापेक्षा पासबुक घेऊन शाखेत गेलेलं बरं. चुकून लिंक दाबली गेली आणि पैसे गेले, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तासाभरात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी केलेला फोन यांत फार फरक पडतो.

आणखी एक घोळ हल्ली फार दिसतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी वेगळी आणि बँकेची केवायसी वेगळी. एक केली म्हणून दुसरी होत नाही. योजना कुटुंबाचं उत्पन्न धरते, बँकेचा फॉर्म खातेदाराचं स्वतःचं विचारतो. त्यामुळे दोन्हीकडे आकडा वेगळा आला तरी घाबरू नका.

आत्ताच का विचारतात?

बँक प्रत्येक खात्याला जोखमीप्रमाणे गटात टाकते. कमी जोखमीच्या खात्याची केवायसी दहा वर्षांतून एकदा, मध्यम जोखमीची आठ वर्षांतून आणि जास्त जोखमीची दोन वर्षांतून एकदा ताजी करावी लागते. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. त्या वर्ष-दोन वर्षांत गावोगाव उघडलेली खाती आता दहा वर्षांची झाली, म्हणून एकाच गल्लीत दहा जणांना निरोप येतो. मुदत संपण्याआधी बँकेने तीनदा कळवायचं आणि त्यातलं एकदा तरी पत्राने, असं रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सांगितलं आहे. कमी जोखमीच्या खातेदाराला मुदत उलटल्यावरही एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत व्यवहार करू द्यायचे आहेत. खिडकीवरच्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही. तुम्हाला ठाऊक असू द्या.

काहीच बदललं नसेल तर

मग हे काम पाच मिनिटांचं. 'माझ्या माहितीत बदल नाही' असं स्वतःच्या सहीचं निवेदन पुरतं. ते नोंदवलेल्या मोबाइलवरून, ईमेलने, एटीएमवर, नेट बँकिंगने किंवा साध्या पत्रानेही देता येतं. फक्त पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचं निवेदन द्या, पडताळणी बँकेने दोन महिन्यांत करायची असते. गावातल्या बँक मित्राकडेही, म्हणजे बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीकडेही, आता हे काम होतं. सुरतेला उधना-लिंबायतकडे कामाला असलेल्यांनी निव्वळ एवढ्यासाठी ताप्ती लाइनच्या गाडीने गाव गाठू नये. आपल्या बँकेच्या तिथल्याच शाखेत आधी विचारावं.

कागदपत्रं लागलीच तर आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉब कार्ड, यांतलं एक चालतं. सोबत पॅन. पॅन नसेल तर तसं घोषणापत्र (फॉर्म ६० किंवा त्याच्या जागी आलेला फॉर्म), त्यात शेतीचं आणि इतर उत्पन्न वेगवेगळं लिहायचं असतं.

'व्यवसाय' ही चौकट

खरी अडचण इथे. चौकट एक आणि आपल्याकडचा माणूस तीन धंदे करणारा. चार एकर कपाशी, दोन म्हशींचं दूध डेअरीला, आणि उन्हाळ्यात ट्रॅक्टर भाड्याने. नियम सोपा ठेवा: ज्या कामाचा जास्त पैसा या खात्यात येतो, त्यावर टिक करा. बाकीची कामं शेजारी एका ओळीत लिहा, 'शेती, जोडधंदा दूध' असं. जागा नसेल तर मार्जिनमध्ये. आम्ही मार्जिनही वाचायचो.

भुसावळच्या रेल्वेतून किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले बरेच जण सवयीने जुन्या नोकरीचंच नाव लिहितात. 'निवृत्त' लिहा आणि पैशाचा स्रोत म्हणून 'पेन्शन'. नोकरी सोडली असेल तर जुन्या मालकाचं नाव खोडा. पगार येणं थांबलं आणि फॉर्मवर कंपनी कायम, हे विसंगत दिसतं. नव्या नोकरीत असाल तर कंपनीचं नाव पगाराच्या चिठ्ठीवर आहे तसंच लिहा.

बायकांच्या फॉर्मवर डोळे मिटून 'गृहिणी' लिहिलं जातं. अनेकदा ते खरंही असतं. पण ज्या ताईचे पापड-कुरडया जळगावच्या दुकानात जातात आणि पैसे तिच्याच खात्यात येतात, तिने 'स्वयंरोजगार' लिहावं. खरंच गृहिणी असेल तर उत्पन्न शून्य लिहायला हरकत नाही. स्रोताच्या रकान्यात 'पतीकडून' किंवा योजनेचं नाव लिहा. आणि कोरा फॉर्म अंगठा उमटवून कुणाच्या हाती देऊ नका, मग तो घरचा पुतण्या का असेना.

उत्पन्नाचा आकडा

बहुतेक फॉर्मवर नेमका आकडा नसतो, टप्पे असतात. शेतकऱ्याने एका चांगल्या वर्षाचा आकडा धरू नये आणि गारपिटीच्या वर्षाचाही नको. तीन वर्षांच्या हिशेबपट्ट्या काढा, मधला आकडा धरा. उत्पन्न म्हणजे खर्च वजा जाता हातात राहिलेलं. उलाढाल वेगळी, तिचा रकाना असेल तर विक्रीची पूर्ण रक्कम तिथे. नसेल तर फॉर्मसोबत दोन ओळींची चिठ्ठी जोडा: 'केळी विक्रीची रक्कम वर्षातून एकदाच जमा होते, अंदाजे अमुक.' या चिठ्ठीने वाचवलेल्या खेपा मी मोजलेल्या नाहीत, पण पुष्कळ असतील.

आयकराच्या भीतीने आकडा कमी लिहिणारे मला रोज भेटायचे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. आणि आयकर खात्याला जे कळतं ते या चौकटीतून नाही. बचत खात्यांत वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते कळवतेच, चौकटीत काहीही लिहिलेलं असो. मोठी रोख रक्कम भरायला पॅन लागतो, तोही तुमच्या टप्प्याशी संबंध न ठेवता. म्हणजे आकडा कमी लिहून वाचत काहीच नाही, उलट पुढच्या वर्षी कर्ज मागायला गेलात की तोच आकडा आडवा येतो.

या फॉर्मसाठी सहसा उत्पन्नाचा पुरावा लागत नाही. कर्जासाठी सातबारा, आठ-अ, पगारपत्रक लागतं, ती वेगळी गोष्ट. तरी व्यापाऱ्याची पट्टी, काटा पावती, डेअरीचा हिशेब जपून ठेवा. रोख मोठी भरली आणि कुणी विचारलं, तर तोंडी सांगण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

जे सांगायचं नाही ते

दुसऱ्या बँकेतल्या ठेवी, गाडी, घर, बायकोचा पगार, विमा किती, हे रकाने बहुधा ऐच्छिक असतात. अशी जादा माहिती बँकेने तुमच्या स्पष्ट संमतीनेच घ्यायची आणि तुमची माहिती परवानगीशिवाय दुसरं काही विकण्यासाठी वापरायची नाही, असा नियम आहे. शेवटच्या पानावरची बारीक अक्षरातली चौकट वाचा. माझ्या मावशीच्या फॉर्मवर ती कुणीतरी आधीच टिक करून ठेवली होती. आठवड्यात विम्याचे फोन सुरू झाले, तेही दुपारी झोपेच्या वेळी.

'राजकीयदृष्ट्या महत्त्वाची व्यक्ती' या रकान्यावर आमच्या एका सरपंचांनी अभिमानाने 'होय' लिहिलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत तो रकाना परक्या देशात मोठं सार्वजनिक पद भूषवणाऱ्यांसाठी आहे. सरपंचांनी 'नाही' लिहावं.

दिल्यावर

भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स काढा आणि त्यावर तारखेसह शिक्का घ्या. पोचपावती देणं बँकेचं काम आहे, उपकार नव्हे. एवढं करूनही खातं अडलं तर शाखेला लेखी अर्ज द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या वेबसाइटवर. १४४४८ वर फोन करून माहितीही मिळते. फी नाही, आणि वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे घेत नाहीत. स्वतःच लिहायची असते, म्हणून अर्जाला त्या शिक्क्याच्या झेरॉक्सची प्रत जोडायला विसरू नका.