टेन्स मशीन लावताय? मणक्याच्या दुखापतीनंतर या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत शेडवरून पडलेला असो की महामार्गावर अपघात झालेला, मज्जारज्जूला मार बसला की पायाला हात लावलेला कळत नाही, पण तेच पाय रात्रभर जळत राहतात. मग कुणीतरी टेन्स मशीन सुचवतं, म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देत दुखणं कमी करणारं यंत्र. मशीन घरी येतं आणि दुखतं तिथेच पॅड चिकटवले जातात. सगळ्यात मोठी चूक हीच.

टेन्सचा करंट स्पर्श वाहून नेणाऱ्या जाड नसांना जागं करतो आणि या नसा मज्जारज्जूतच दुखण्याचा निरोप अडवतात. 1965 साली मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलेला ‘गेट’ सिद्धांत तो हाच. बधिर पायावरून निरोप वर पोचतच नसेल, तर अडवणार काय? उलट कातडी भाजली तरी पेशंटला पत्ता लागत नाही. पॅड दुखापतीच्या पातळीला (मणक्यात मार बसला त्या उंचीला) किंवा किंचित वर, स्पर्श नीट कळतो तिथेच हवेत. डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा फिरवला की हद्द सापडते. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून बॉलपेनने खुणा करून घ्या.

दुसरी खोड करंट वाढवायला नॉब पिळण्याची. साधारण 80 ते 100 (सेकंदाला तितके ठोके) हर्ट्‌झवर झिणझिण्या ठळक, पण सोसवतील इतपतच ठेवाव्यात. टोचलं की कमी करा. 2 ते 4 हर्ट्‌झला स्नायू थडथडतो, त्याने काहींचे स्नायूंचे झटके वाढतात.

पॅडचा कोपरा उचलला गेला की करंट उरलेल्या जागेत एकवटतो आणि चटका बसतो. निफाडकडच्या थंडीत जेल कोरडं पडतं. बोटाने पाण्याचा थेंब फिरवून पाहा, तरी चिकटेना तर पॅड बदला. मालिश केलेल्या तेलकट पाठीवर तर लावूच नका.

पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गळ्याच्या पुढच्या बाजूला कधीच नको. दुखापत टी-6 (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, तर मशीन बंद करा, पेशंटला बसतं करा, कॅथेटर (लघवीची नळी) मुडपलाय का बघा. रक्तदाब झपाट्याने चढलेला असू शकतो. आराम पडला नाही, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

खरं सांगायचं तर पायांतली आग टेन्सने दरवेळी शमत नाही. दुखापतीच्या पातळीचं दुखणं त्या मानाने लवकर ऐकतं. म्हणून मशीन आलं की प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) परस्पर बंद करू नका. आणि बरी चाललेली वेदना एकाएकी वाढली, तर सेटिंग बदलत बसण्याआधी लघवीतला संसर्ग आणि पडून-बसून पाठीमागे होणारी जखम तपासून घ्या.