घरामागची तेलाची टाकी चोरांपासून कशी सांभाळावी

फेब्रुवारीतली सकाळ होती. बॉयलर बंद पडला होता, घर गारठलं होतं. मागच्या अंगणात गेले तर रॉकेलचा वास आला, लहानपणी सांगलीला आजीच्या स्टोव्हला यायचा तसाच. टाकीचं हिरवं झाकण गवतात पालथं पडलं होतं आणि शेताकडच्या फाटकापर्यंत ओल्या गवतावर काहीतरी फरफटत नेल्याची खूण होती. तीनच आठवड्यांपूर्वी आम्ही ९०० लिटर तेल भरून घेतलं होतं.

आम्ही लिंकनशायरमधल्या एका लहान गावात राहतो. ब्रिटनमध्ये जिथे गॅसची पाइपलाइन पोचलेली नाही तिथे अशी लाखो घरं तेलावर गरम होतात. उत्तर आयर्लंडमध्ये तर निम्म्याहून जास्त घरांत हेच आहे. हॉस्पिटलच्या नोकरीमुळे आपली बरीच मराठी कुटुंबं अशा गावांत येतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्याला अंगणातली ही टाकी पाण्याची टाकी असावी तशी वाटते, आणि तिच्याकडे लक्ष राहत नाही. आमचंही तसंच झालं. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी चोर काय करतो ते समजून घ्या

हीटिंग ऑइल म्हणजे रॉकेलच. गाडीला नंबर असतो, दागिना ओळखू येतो, पण हे तेल दुसऱ्याच्या टाकीत पडलं की कुणाचं होतं ते सांगता येत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये भाव लिटरला एक पौंडाच्या वर गेले होते. त्या भावाने ९०० लिटर म्हणजे किती पैसे, हिशेब तुम्हीच करा.

५०० लिटर रॉकेलचं वजन ४०० किलोच्या आसपास भरतं. ते कुणी हाताने उचलून नेत नाही. व्हॅन जवळ आणावी लागते, त्यात पिंप ठेवावं लागतं आणि टाकीपर्यंत नळी ओढावी लागते. बॅटरीवर चालणारे साधे पंप मिनिटाला ४० लिटरच्या आसपास ओढतात, म्हणजे ५०० लिटरला पाव तासही लागत नाही. तेवढा वेळ कुणी बघू नये आणि व्हॅन जवळ लागावी, एवढंच त्याला हवं असतं. आपली सगळी मेहनत या दोन गोष्टी बिघडवण्यासाठी करायची.

जागा: रस्त्यावरून दिसू नये, घरातून दिसावी

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. आमची टाकी गॅरेजमागे होती. रस्त्यावरून दिसत नव्हती हे चांगलं, पण घरातल्या एकाही खिडकीतून दिसत नव्हती. चोराला त्याहून सोयीचं काय असणार?

रात्री रस्त्यावर उभं राहून बघा, टाकी दिसते का. मग स्वयंपाकघराच्या आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीतून बघा. तिसरी फेरी शेताच्या, गल्लीच्या, मागच्या वाटेच्या बाजूने मारा, कारण व्हॅन बहुतेक तिकडूनच लागते. मागच्या फाटकाला चांगलं कुलूप घाला. फाटक बिजागरीवरून वर उचलून काढता येत असेल तर वरची बिजागरी उलटी बसवून घ्या. नाहीतर कुलूप तसंच राहतं आणि फाटक बाजूला होतं.

रस्त्याकडून आडोसा हवा असेल तर लाकडी जाळी उभी करून तिच्यावर वेल सोडा, किंवा पायराकँथा, बर्बेरिस, हॉथॉर्न यांपैकी काटेरी झुडपं लावा. टाकीपासून जाळी किंवा झाडं ६०० मिलिमीटर तरी लांब ठेवा. हद्दीचं लाकडी कुंपण ७६० मिलिमीटर लांब हवं, आणि शेड, दारं-खिडक्या १.८ मीटर लांब. हे आगीच्या सुरक्षेचे नियम आहेत. टाकी चारी बाजूंनी पेटीत कोंडल्यासारखी बंद करायचा मोह होतो. तसं करू नका. तेल भरायला, तपासायला आणि गळती दिसायला जागा लागते. टाकीच हलवायची असेल तर ऑफटेककडे, म्हणजे तेलाच्या हीटिंगचं काम करणाऱ्या तंत्रज्ञांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी असलेल्या तंत्रज्ञालाच बोलवा. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला आधी लेखी विचारा.

झाकण आणि कॉक

कुलूप घ्याल ते क्लोज्ड शॅकल प्रकारातलं घ्या. याच्या कडीचा फार थोडा भाग बाहेर राहतो, त्यामुळे कापायच्या कात्रीला पकड मिळत नाही. थंडीत कुलपात पाणी शिरून गोठतं, म्हणून वर रबरी टोपी असलेलं बघा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा आत वंगण सोडा. किल्ली दाराजवळच्या कुंडीखाली ठेवू नका. तेल भरायला येणाऱ्यासाठी ती हाताशी लागते हे खरं, पण कुंडी उचलून बघणं चोरालाही येतं.

कुलपावर फार भिस्त मात्र ठेवू नका. प्लास्टिकच्या टाकीला भारी कुलूप लावलं तर काही चोर झाकण फोडतात, नाहीतर खाली ड्रिलने भोक पाडतात. मग तेलही जातं, टाकीही जाते आणि उरलेलं तेल जमिनीत मुरतं. जमीन साफ करायचा खर्च तेलाच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो. म्हणूनच आधी जागा, मग कुलूप.

लोखंडी टाकी असेल तर बाजूच्या पारदर्शक नळीकडे बघा, जिच्यात तेलाची पातळी दिसते. ती नळी नुसती खाली वाकवली तरी तेल वाहायला लागतं. तिचा खालचा कॉक एरवी बंदच ठेवायचा, पातळी बघताना तेवढा उघडायचा. टाकीतून बॉयलरकडे जाणाऱ्या पाइपच्या कॉकला कुलूप बसत असेल तर तेही लावा, विशेषतः उन्हाळ्यात.

पातळीची वही ठेवा

आमच्या घरात बॉयलर थांबेपर्यंत कुणाला काही कळलंच नाही. चोरी नेमकी कोणत्या रात्री झाली हे मी पोलिसांना सांगू शकले नाही, आणि विमा कंपनीलाही नाही.

आता दर रविवारी मी काठी घालून पातळी बघते. झाकण उघडायचं, कोरडी लाकडी काठी सरळ तळापर्यंत सोडायची, वर काढून ओला भाग टेपने मोजायचा आणि वहीत तारीख घालून लिहायचं. लिटरमागे सुमारे १० युनिट उष्णता मिळते. २० किलोवॅटचा बॉयलर पूर्ण ताकदीने चालला तर तासाला साधारण २ लिटर जाळतो, म्हणजे दिवसाला पाच तास चालल्यास १० लिटर. चार-पाच आठवड्यांत आपल्या घराचा अंदाज बसतो, आणि आठवड्याला ७० ऐवजी १५० लिटर उतरलं की लगेच खटकतं. अशा वेळी ती चोरी असेल किंवा गळती. दोन्ही लवकर कळलेलं बरं.

त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक मीटर घ्या. सेन्सर टाकीच्या माथ्यावर बसतो, ध्वनिलहरी सोडून पातळी मोजतो आणि घरात प्लगला लावलेल्या छोट्या डबीवर दाखवतो. पातळी एकदम खाली गेली की इशारा देणारं मॉडेल मिळतं, तेच घ्या. ती डबी आम्ही जिन्याच्या तोंडाशी लावली आहे, म्हणजे रात्री वाजली तर वर ऐकू येते.

आवाज आणि उजेड

टाकीभोवती आणि फाटकापासूनच्या वाटेवर जाडी खडी टाका. रात्रीच्या शांततेत खडीवरचं एक पाऊलही ऐकू येतं, आणि खडीला बिल येत नाही. प्रखर फ्लडलाइटपेक्षा अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत मंद जळणारा एलईडी दिवा बरा. झगझगीत दिव्याने गडद सावल्या पडतात आणि शेजाऱ्यांची झोपही जाते. कॅमेरा लावलात तर त्यात शेजाऱ्याचं अंगण किंवा रस्ता येणार नाही असा वळवा. हद्दीबाहेरचं चित्रण झालं की ब्रिटनचा माहिती-संरक्षण कायदा लागू होतो. हे सगळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जाण्याआधी करून घ्या. नंतर दुपारी चार-साडेचारलाच अंधारून येतं.

तेल मागवताना, आणि भारतात जाताना

टँकर आला की गावभर दिसतो. ज्या घरापुढे तो उभा राहिला, त्या घराची टाकी भरली हे सांगावं लागत नाही. बरेच पुरवठादार ५०० लिटरपेक्षा कमी देत नाहीत आणि मोठ्या ऑर्डरला दर कमी पडतो, तरी मी आता दोनदा ५०० मागवते. थोडे पैसे जास्त जातात, पण एका रात्रीत जाऊ शकणारं तेलही कमी राहतं. काही गावांत लोक एकत्र तेल मागवतात. त्यात सामील झालात तर दरही बरा मिळतो आणि शेजाऱ्यांची ओळखही होते.

डिसेंबर-जानेवारीत आपण तीन-चार आठवडे घरी जातो, नेमकं तेव्हाच घर रिकामं आणि भाव चढे. निघण्याआधी टाकी गच्च भरू नका. पाइप गोठू नयेत म्हणून बॉयलर मंद चालू ठेवायला लागेल तेवढंच असू द्या. शेजारच्या आजी-आजोबांना आठवड्यातून एकदा टाकीकडे चक्कर मारायला सांगा. ते आनंदाने मारतात, फक्त आपण विचारायला लाजतो. घर किती दिवस रिकामं राहिल्यावर विमा लागू होत नाही, आणि तेलाच्या चोरीला रकमेची मर्यादा किती आहे, हेही पॉलिसीत आधी वाचा. आमच्या पॉलिसीतली मर्यादा आम्हाला चोरीनंतर कळली.

आणि दारावर येऊन कुणी स्वस्तात तेल देऊ करत असेल तर घेऊ नका. ते बहुतेक अशाच कुणाच्या तरी अंगणातून आलेलं असतं.

चोरी झालीच तर

चोर अजून तिथेच असतील तर बाहेर जाऊ नका, ९९९ लावा. नंतर लक्षात आलं तर १०१. झाकणाला, कुलपाला हात लावण्याआधी फोटो काढा, आणि वहीचं पान व डिलिव्हरीची पावती बाजूला काढून ठेवा. तेल सांडलं असेल तर त्यावर पाणी मारू नका, साबण तर नाहीच. त्याने तेल मुरून गटारात आणि ओढ्यात जातं. माती किंवा वाळू टाकून अडवा. ते पाण्याकडे जात असेल तर इंग्लंडमध्ये पर्यावरण खात्याच्या हेल्पलाइनला, ०८०० ८० ७० ६० वर, लगेच कळवा.

नवं तेल आलं म्हणून बॉयलरचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. टाकी तळाला गेली की तिथला गाळ आणि हवा पाइपमध्ये ओढली जाते. तंत्रज्ञ येऊन टाकीला भोक किंवा तडा नाही ना ते बघेल, फिल्टर बदलेल आणि पाइपमधली हवा काढेल. आमच्याकडे तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर आम्ही चौघं एकाच खोलीत विजेच्या हीटरपाशी बसून होतो.