जुन्या क्वारी टाइल्स उजळवा, पण खालची ओल कोंडू नका

लेस्टरमधलं आमचं घर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, रांगेतलं, विटांचं. मागच्या स्वयंपाकघरात लाल आणि काळ्या क्वारी टाइल्स आहेत, सहा इंची. इंग्लंडात असं जुनं घर घेतलेली आपली मंडळी मला हमखास विचारतात, ‘यावरच नवी फरशी चिकटवली तर?’ माझं उत्तर ठाम असतं: नको.

या टाइल्स म्हणजे झिलई न देता भाजलेली माती. त्या काळी त्या राखेच्या, वाळूच्या नाहीतर चुन्याच्या थरावर बसवत आणि खाली थेट जमीन. मध्ये प्लास्टिकचा पडदा नाही. जमिनीतली ओल थोडीथोडी वर येते आणि मुख्यतः दरजांमधून खोलीत येऊन उडून जाते. माठाला बाहेरून ऑइलपेंट फासला तर पाणी गार होत नाही, कारण झिरपलेल्या पाण्याला उडायला जागाच उरत नाही. या फरशीवर व्हिनाइल, लॅमिनेट किंवा इपॉक्सी घातलं की तसंच होतं. फक्त इथे ओल भिंतींकडे सरकते, प्लास्टर फुगतं, स्कर्टिंगचं लाकूड कुजतं.

म्हणून आधी ओल कुठली ते बघा. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. थेंब खालच्या बाजूला आले तर ओल जमिनीची. वरच्या बाजूला आले तर ती खोलीतली वाफ; कुकर लावताना खिडकी उघडा, पंखा चालू करा. मग घराबाहेर एक फेरी मारा. पन्हळ गळते का, सांडपाण्याचा पाइप फुटलाय का, कुणी अंगणात भर घालून पातळी वाढवलीय का? भिंतीत डॅम्प-प्रूफ कोर्स, म्हणजे जमिनीची ओल वर चढू न देणारा आडवा थर, असेल तर बाहेरची जमीन त्याच्या किमान १५० मिमी खाली हवी. हे निस्तरल्याशिवाय आत एक पैसाही खर्च करू नका.

टाइल्सवर आधीच्या मालकाने जुनं व्हिनाइल चिकटवलेलं असेल तर थांबा. जुन्या व्हिनाइल टाइल्समध्ये आणि काळ्या डांबरी गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं; त्याचे तंतू श्वासातून गेले तर फुफ्फुसांना घातक. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. प्रयोगशाळेत तुकडा तपासून घेतल्याशिवाय खरवडायचं नाही, सँडर तर मुळीच फिरवायचा नाही.

आता साफसफाई. खरं रूप इथेच पालटतं. वर्षानुवर्षांचं मेण आणि लाल पॉलिश साचून फरशी काळपट दिसते. टाइल्ससाठी मिळणारा अल्कधर्मी क्लीनर लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि मळकं पाणी लगेच वेट व्हॅक्यूमने ओढून घ्या. एका वेळी हातभर जागाच करा. बादलीभर पाणी ओतून धुण्याची आपली सवय इथे घातक, कारण ते पाणी दरजांतून खाली जातं आणि लवकर वर येत नाही. ॲसिडही टाळा. ते चुन्याच्या दरजा खातं.

वाळताना पांढरी पूड येईल. घाबरू नका, ते क्षार आहेत. कोरड्या ब्रशने झाडा आणि व्हॅक्यूम करा. ओल्या फडक्याने पुसलं तर ते विरघळून पुन्हा आत जातात आणि पुन्हा वर येतात. पूड यायची कमी होईपर्यंत काही आठवडे हेच करत राहायचं. इथे घाई करणाऱ्यांच्या फरशीवर पुढे पांढरे डाग राहतात.

सुटलेल्या टाइल्स चुन्याच्या मॉर्टरमध्येच बसवा, एनएचएल ३.५ (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना, नॅचरल हायड्रॉलिक लाइम) आणि वाळू पुरे. फुटलेल्यांच्या जागी जुन्या बांधकाम-साहित्याच्या वखारीत तशाच टाइल्स मिळतात. जाडी मात्र मोजून घ्या, कारण वरून सारख्या दिसणाऱ्या टाइल्सची जाडी वेगळी निघते. दरजाही चुन्यानेच भरा. नुसत्या ताज्या दरजांनी खोली किती उजळते, ते डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

शेवटी सीलर. डब्यावर बाष्प जाऊ देणारा, मुरणारा असं लिहिलेलंच घ्या. वर चकचकीत पापुद्रा धरणारा ॲक्रिलिक सीलर नको. ओल अडकली की तो पांढुरका पडून सुटतो. आधी फ्रिजमागच्या एका टाइलवर लावा आणि पावसाचे काही आठवडे जाऊ द्या. ठीक वाटलं तर पातळ हात द्या आणि पाच-दहा मिनिटांत मुरलं नाही ते सगळं पुसून काढा. ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ नावाने तयार मिळणारं जवसाचं तेलही चालतं, रंग छान गडद होतो, पण जास्त झालं तर चिकट राहून धूळ धरतं. तेलाचे बोळे मोकळे पसरून वाळवा, गुंडाळून ठेवले तर आपोआप पेट घेऊ शकतात.

रंग बदलायची हौस भिंतींवर आणि कपाटांवर भागवा. टाइल्सना पेंट नको. सतरंजी किंवा तागाची चटई घाला, रबरी पाठ असलेली नाही, आणि आठवड्यातून एकदा उचलून खालची फरशी हाताने चाचपून बघा. ओलसर लागली तर चटई एक-दोन दिवस उन्हात, किंवा रेडिएटरवर.